झुंबरबाईंची रेंज

गल्लीत मोबाइल लागत नाही म्हणून तक्रार गेली आणि फोन कंपनीचा अभिमन जळगावहून धुळ्याला आला. झुंबरबाईंनी त्याला आनंदानं आत घेतलं. घरात त्या एकट्याच. मुलगा ज्ञानेश्वर बंगळुरूला. त्याचा फोन येतो का, असं कुणी विचारलं की बाई म्हणत, "तो रोज लावस. आठे रेंज नही शे." रेंज नसण्याचा बाईंना मोठा आधार होता.

अभिमनजवळ स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर होता, हवेतल्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र. गल्लीत उभं राहिलं की सपाट रेघेतून एक सुळका वर यायचा. कुठल्या तरी घरातलं उपकरण साऱ्यांची रेंज बिघडवत होतं, त्याचा तो पुरावा. तो वायरीनं लॅपटॉपमध्ये उतरवला की अहवाल पुरा. पण यंत्राची बॅटरी म्हातारी झालेली, म्हणून त्यानं प्लग मागितला.

पुढच्या खोलीत प्लग एकच. त्यातली एका डब्याची पिन बाईंनी उपसली आणि पाहुण्याला जागा करून दिली. अभिमननं यंत्र लावलं, वायर जोडली. सुळका गायब.

त्यानं वायरीला दोष दिला, चहा घेतला आणि निघाला. बाईंनी पिन परत खोचली. अभिमन गल्लीत जाऊन बघतो तर सुळका हजर.

दुसऱ्या दिवशी नवी वायर आली. तेच झालं. चहाबरोबर ज्ञानेश्वरच्या शाळेतल्या बक्षिसांची हकिगत झाली. तिसऱ्या दिवशी दुसरा लॅपटॉप आणि तो चालवणारा कुंदनही आला. बाईंनी सकाळीच वांगी भाजून ठेवली होती. कितीतरी महिन्यांनी त्या घरात तीन ताटं मांडली गेली. सुळका मात्र आला नाही.

"साहेब, हा लाजतो आपल्याला," कुंदन भरीत पुसून खात म्हणाला.

सामान आवरताना त्यानं बाईंना पिन खोचताना पाहिलं. "अक्का, हे काय?"

"रेंजना डबा शे. पोऱ्यानी बसाडेल."

ही पिन निघते तेव्हाच सुळका जातो, हे दोघांच्या एकदम लक्षात आलं. मग यंत्र स्वयंपाकघरातल्या प्लगला लावलं, डबा चालू ठेवला. सुळका अर्ध्या मिनिटात लॅपटॉपमध्ये उतरला. रेंज वाढवणारे असे डबे बाकीच्यांची रेंज बिघडवतात, ते लावायला परवानगी नसते, हे समजावून अभिमननं तो काढला. लगेच बाईंच्या फोनवर रेंजच्या साऱ्या दांड्या उभ्या राहिल्या.

दारातून शेजारच्या मंदाबाई म्हणाल्या, "बरं झालं, आता ज्ञानेश्वरचा फोन रोज वाजेल."

बाई अभिमनला हळूच म्हणाल्या, "थोडासा बिघाड राहू दे ना, भाऊ."

अभिमनला ती थट्टा वाटली. तो हसला.

दोन दिवस फोन फळीवर भरल्या रेंजनं गप्प बसला. मंदाबाई काहीबाही मागायला येत आणि फळीकडे बघून जात. तिसऱ्या दुपारी त्या बसलेल्या असतानाच फोन वाजला.

"अक्का, अभिमन बोलतोय. तपासणीचा कॉल आहे. आवाज नीट येतो ना?"

इतका नीट येत होता की त्याच्या टेबलावरचा पंखासुद्धा ऐकू येत होता. बाईंनी एकदा मंदाबाईंकडे पाहिलं.

"तुटी ऱ्हायना, भाऊ. सकाय परत लावजो."

पलीकडे अभिमनला तो "थोडासा बिघाड" आठवला. "मग उद्याच काय, रोजच तपासावं लागेल," तो म्हणाला, आणि आज भाजी कसली केली ते विचारू लागला.