चाळीस फुटी वाटी

जोमा घरतच्या अंगणात फरशा घेऊन आलेल्या कंटेनरनं माल उतरल्यावर रिकामं परत जायला नकार दिला.

फरशा व्हिएतनामच्या होत्या. जोमानं बेलखारात नवं घर बांधलं होतं आणि थोरल्या नातीच्या, हर्षलाच्या, लग्नाआधी त्याला घर चकचकीत हवं होतं. फरशा बसल्या, गवंडी गेले, कंटेनर मात्र अंगणातच. गावात एवढं सपाट अंगण दुसरं नव्हतं. मांडव तिथंच पडायचा होता आणि हळद रविवारवर आली होती.

कंपनीनं क्रेन पाठवली. पट्टे ताणले, क्रेनचीच पुढची चाकं वीतभर वर उचलली गेली, कंटेनर जागचा हलला नाही. मग बेलापूरच्या ऑफिसातून वागळे नावाचा साहेब आला. तरुण पोरगा, इस्त्रीचा शर्ट, घामानं निथळलेला.

"अडचण काय आहे?" त्यानं कंटेनरला विचारलं.

"अडचण नाय," कंटेनर म्हणाला. आवाज पत्र्याचा, पण सभ्य होता. अंगणात उभा राहून राहून गावची बोली त्याच्या कानात बसली होती. "परवा शेजारणीनं वाटीतून निवट्या मासळीचं कालवण दिलं. सोनूबायनं वाटी परत करताना तिच्यात साखर घातली. म्हणाली, दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडत नाय. मी पण दुसऱ्याचं भांडंच हाय."

ओट्यावर बसलेल्या जोमानं बायकोकडं असं पाहिलं, की जणू तिनंच कंटेनरचं नाव शाळेत घातलं होतं.

"बघ. तुझ्या तोंडाची करणी."

"मी काय खोटं बोलले?" सोनूबाई म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

जोमा उठला. तिच्या सुपातले मूठभर तांदूळ उचलून त्यानं कंटेनरमध्ये फेकले. "झालं? आता चालू पड."

"वाटीला मूठ पुरते," कंटेनर म्हणाला. "मी चाळीस फुटी हाय."

उरलेल्या फरशा आत ठेवून पाहिल्या. त्या त्यानं घेतल्या नाहीत. आलेलीच वस्तू परत धाडली तर समोरच्याला वाटतं माणूस रुसला, असं त्याचं म्हणणं पडलं. ते खरंही आहे.

वागळेनं रुमालानं मान पुसली. "हे बघ, जगाची एक व्यवस्था आहे. तिकडून माल इकडं येतो. इकडून भरायला काही नसतं, म्हणून डबे रिकामे परत जातात. लाखो जातात. जहाजंच्या जहाजं नुसती हवा वाहून नेतात. तू काही एकटा नाहीस."

"त्यांना कोणी शिकवलं नसंल," कंटेनर म्हणाला.

इथं जोमा मध्ये पडला. "थांब रं साहेब. इकडून भरायला काय नसतं, म्हंजे?"

"म्हणजे काका, तुमच्या या भागातून तिकडं पाठवण्यासारखं..."

"बोल, बोल."

"काही नसतं. आकडे तसंच सांगतात."

हे वागळेनं बोलायला नको होतं. जोमानं उभ्या जन्मात कुणाला चांगलं म्हटलेलं गावानं ऐकलं नव्हतं. बेलखारला तर तो रोज शिव्या घालायचा. पण त्या शिव्या त्याच्या मालकीच्या होत्या. घटकेपूर्वी कंटेनरला 'चालू पड' म्हणणारा हा माणूस आता जाऊन कंटेनरच्या शेजारी उभा राहिला, पत्र्यावर हात टेकून.

"आधी हा भरायचा," तो म्हणाला. "मांडव मागनं."

सोनूबाईनं सूप खाली ठेवलं. "आणि नाय भरला तर? व्याह्यांना काय रस्त्यावर बसवाल? पोरीचं हसं होईल."

"भरला की जाईल. गेला की मांडव. तू बरण्या काढ."

जोमा दारोदार फिरला. मागायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे तो भांडायला आल्यासारखा मागायचा. "तो साहेब म्हणतो, तुझ्या घरात द्यायसारखं काय नाय. खरं का?" एवढं विचारलं की बाई आत जायची आणि बाहेर यायची ती डोक्यावर पाटी घेऊनच. सुकट आली. बोंबील आले. तांदळाचं पीठ, चिंचेचे गोळे, मिठागरातलं मीठ, मसाल्याच्या बरण्या, गोधड्या. रोहिदास तांडेलनं धड असलेलं जाळं दिलं. त्याची बायको त्यावर दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, पण जाळं परत मागितलं नाही. शनिवारी सकाळी बोटही शिरेल एवढी जागा आत उरली नाही.

वागळे कागद घेऊन उभा होता. "घेणाऱ्याचं नाव लागेल."

जोमा अडला. तो कुणाला ओळखणार?

"लान," कंटेनर म्हणाला. "तिकडं व्हिएतनामात, हायफाँग बंदरावर फरशा रचणारी बाई. दुपारचा डबा माझ्या सावलीत बसून खायची. भांडं तिच्या हातचं हाय."

"असं होत नाही," वागळे म्हणाला. "रिकामा डबा जिथं माल असेल तिथं जातो. आल्या घरी परत पाठवायचं कंपनीचं धोरण नाही."

"रिकामा कुठं हाय हा?" जोमानं विचारलं.

वागळेनं दारातून पाहिलं. त्यानं सिंगापूरच्या हेड ऑफिसला फोन लावला, बराच वेळ नुसता हो हो म्हणत राहिला आणि फोन ठेवला. "हरकत नाही म्हणतात. भरलेला डबा नावावर जातो. फक्त सुकटीचा वास बाजूच्या डब्यांना लागू देऊ नका."

"लागू दे की. त्यांना पण कळू दे."

दार खांदे लावून लावावं लागलं. या खेपेला क्रेनवाल्यानं दांडा ओढला मात्र, कंटेनर स्वतःच्या मर्जीनं वर आला. हळदीचा बँजो एक दिवस आधीच बोलावला होता. तो ट्रेलरपुढं वाजत पार बंदराच्या रस्त्यापर्यंत गेला, आणि त्याच्याही पुढं जोमा नाचत होता, जो स्वतःच्या हळदीत नाचला नव्हता. तिन्हीसांजेला अंगणात मांडव उभा होता. दुसऱ्या दिवशी हळदीला व्याही खुर्च्यांवर बसले. नाव ठेवायला त्यांना जागा सापडली नाही.

लग्नानंतर या कंटेनरचं पाहून बंदरातले रिकामे डबे एकेक करून अडून बसले. जहाजं खोळंबली. मोठ्या लोकांच्या बैठका झाल्या आणि ठरलं ते असं, की रिकामा डबा पाठवणं यापुढं बंद. आता पेण-पनवेलच्या बाया पाट्या घेऊन ट्रेलरपाशी येतात आणि जहाजं पाण्यात खोल बसून निघतात. वागळेला बढती मिळाली. त्याच्या दारावर 'वाटी विभाग' अशी पाटी आहे.

लानचा निरोप त्यानंच फोनवर वाचून दाखवला. मसाला फार तिखट आहे. सुकट गल्लीत पुरली नाही. कंटेनर भरत आणला आहे. धाकट्या नातीचं लग्न कधी, ते कळवावं, म्हणजे त्या बेतानं सोडते.

"लग्नाची काय घाई?" जोमा म्हणाला. "पोरगी कॉलेजात हाय अजून. आत्ताच धाड म्हणावं, मांडव काढलाय, अंगण मोकळं हाय."