नाकात नळी, दारात मंडळी

झोप या विषयात मला कुणी शिकवू नये. बेकरीत रात्रपाळीला पाव भाजणारा माणूस मी. सकाळी घरी येतो आणि दुपारी असा झोपतो, की उशाशी बँड वाजला तरी कूस बदलणार नाही.

बायकोचं म्हणणं वेगळं.

"अहो, घोरता त्याचं काही नाही. मधेच थांबता, त्याचं काय? श्वासच बंद पडतो तुमचा."

"पुन्हा सुरू होतो की. नाहीतर पाव कोण भाजतं?"

ती हसली नाही. शेवटी सुनेने दवाखान्यातून यंत्र आणलं. मनगटाला डबी, बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकात नळी. घरीच लावून झोपायचं. श्वास कुठे अडतो ते यंत्र टिपून घेणार. "झोपताना लावा," एवढंच तिथल्या मुलीने सांगितलं होतं. आमची झोप भर दुपारची, हे तिला काय ठाऊक?

तर जेवून मी सजलो. आरशात पाहिलं, तर दुरुस्तीला उघडलेला रेडिओ. बायको गल्लीत शांतता मागायला निघाली. खालच्या टेलरला म्हणाली, "भाऊ, आज मशीन बंद ठेवाल का? यांचा श्वास..." आणि तिने डोळ्यांना पदर लावला. तशीच मागे फिरली.

टेलर भला माणूस. पुढचं वाक्य त्याने स्वतःच पूर्ण केलं. मशीन बंद केली, बेकरीत फोन केला. शेठनी शटर अर्धं खाली ओढलं. समोरच्या काकूंनी टीव्ही बंद केला. जो तो हळू आवाजात माझे गुण आठवू लागला. शेठना तर ते पहिल्यांदाच दिसले असावेत.

मला जाग आली ती या शांततेमुळे. तसाच बाहेर आलो. दारात चपलांचा ढीग, खोलीभर माणसं. सून बिचारी सांगत होती, "अहो, बाबा झोपलेत." शेठ तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होते, "हो पोरी. झोपलेच म्हणायचं."

"कोण गेलं?" मी विचारलं.

टेलर किंचाळला. शेठ खुर्चीसकट मागे गेले. मग जे हसू फुटलं! मीही पोट धरून हसलो. नाकातली नळी लटलट हलत होती.

बायको माझ्या मागोमाग आतल्या खोलीतून आली. मी झोपल्यापासून ती उशाशीच बसून होती. बाहेर एवढी मंडळी जमल्याचा तिला पत्ता नव्हता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही एक दुपार घाबरलात. मी रोज घाबरते."

हसू थांबलं. मी डबी सोडवून सुनेच्या हातात दिली. "दे नेऊन. सांगतील ते करीन."

तपासणीत खोट निघालीच. आता झोपताना हवा सोडणारा मास्क लावतो. घोरणं गेलं, थांबणंही गेलं.

पहिल्या दुपारी मास्क लावून डोळे मिटले, आणि शेजारून असा आवाज सुरू झाला, जणू भट्टीचं लोखंडी दार कुणी फरशीवरून ओढत नेतंय. बायको झोपली होती. कितीतरी वर्षांनी, माझ्या आधी.

मी टक्क जागा. दोनदा तिला हलवायला हात पुढे केला, दोनदा मागे घेतला.

संध्याकाळी माझे तांबारलेले डोळे बघून ती म्हणाली, "काय हो, मास्क लावून झोप लागत नाही का?"

"लागते की," मी म्हणालो. "एकदम गाढ."