फक्कीवाले पाठक साहेब

मी हंडा घेऊन टँकरकडं निघाले, की पाठक साहेब पिशवी घेऊन मागून यायचे आणि माझ्या पावलांवर फक्की टाकायचे. मैदानावर रेघा आखतात ती पांढरी फक्की. पहिल्या दिवशी मी वळून म्हणाले, "साहेब, मी अजून जिवंत हाय. मागून कसली रांगोळी काढता?"

"तुम्ही चाला हो, कौसाबाई. शहर कागदावर नसतं, पायांत असतं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दूधवाल्याला, पोस्टमनला, गल्लीतल्या कुत्र्यालाही ऐकवायचे. नगररचना खात्यातून निवृत्त झालेला माणूस. नोकरीभर त्यांनी सरळ रस्ते आखले आणि लोक तिरके चालले. त्याचा ध्यासच घेतला होता त्यांनी. कुणी मैदान तिरकं ओलांडलं की म्हणायचे, "बघा, समाज जवळची वाट शोधतो." मी चौथी शिकलेली. माझे गुडघे दुखतात म्हणून मी तिरकी जाते, त्यात समाज कुठून आला?

गावाकडं, पाचोडला, विहीर आटली तेव्हा आम्ही शहराच्या कडेला, मुकुंदवाडीला आलो. तेव्हा इथं शेतं होती. पुढं घराला घर चिकटलं आणि मधे हे एवढं एक मोकळं मैदान उरलं. दुष्काळात टँकर तिथंच उभा राहायचा. त्या जागेवर दुकानांचे गाळे काढायला आमच्यातला एक पुढारी टपला होता. जागा रिकामी आहे, कुणी वापरत नाही, असा अर्ज त्यानं दिला. गाळे झाले असते तर टँकर रेल्वेच्या रुळांपलीकडं गेला असता. या वयात भरला हंडा घेऊन मी रूळ ओलांडायचे का?

त्या अर्जावरून महापालिकेचा अधिकारी जागा बघायला आला त्या सकाळी साहेबांनी मैदानातल्या सगळ्या पायवाटा पांढऱ्या करून ठेवल्या होत्या. टँकरचा पत्ता नव्हता. मैदानात माणूस नाही, नुसती भांड्यांची रांग. आमच्याकडं रांगेत भांडं उभं राहतं, बाई घरात भाकरी थापते. साहेब समाजावर बोलायला लागले, तसा अधिकारी घड्याळ बघायला लागला.

"कोण वापरतंय, दाखवा की," पुढारी म्हणाला. "ही रिकामी भांडी? ही अशी सरकतात." आणि त्यानं पहिला हंडा पायानं ढकलला.

हंडा गडगडला. शकीलाचा होता. ती पिठाच्या हातानं बाहेर आली. "कौन सरकाया रे मेरा हंडा? पहला नंबर मेरा है!"

नंबर हलला म्हटल्यावर कोण घरात थांबतंय? गल्लीगल्लीतून बाया निघाल्या, त्या पांढऱ्या वाटांवरूनच. अधिकारी मधोमध सापडला. पुढाऱ्यानं हंडा उचलून आणला आणि दुसऱ्या नंबरला ठेवला. मग तर विचारूच नका. तीनदा ठेवायला लावला त्याला.

"आता लिहा, कोण वापरतंय ते," मी अधिकाऱ्याला म्हणाले. त्यानं जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, जागा वापरात आहे.

"सिद्ध झालं," साहेब म्हणाले.

"क्या सिद्ध हुआ?" शकीलानं विचारलं.

"तुम्ही."

जागा राहिली. गाळे गेले. आम्ही सगळ्या जणी पायवाटांच्या कडेला दगड लावायला जमलो. म्हटलं, "साहेब, तुम्ही सांगाल तशा वाटा."

त्यांनी पिशवीतली उरलेली फक्की झटकली. मग म्हणाले, "एक वाट माझ्या दारावरून न्या."

"तिकडून लई लांब पडतं. कुणी जात नाय तिकडून."

"हो. जात नाही कुणी."

बायको गेल्यापासून त्यांचं दार दिवसभर सताड उघडं असतं. आम्ही तिकडं दगड लावले.

त्या वाटेनं माझे गुडघे ओरडतात. साहेब दारातच असतात. "लांबची वाट धरलीत, कौसाबाई," म्हणतात.

"व्हय," म्हणते, आणि हंडा खाली ठेवते.