सातव्या गलीवरची पऱ्हाटी

गोल्फचा चेंडू मारण्याआधी आबासाहेब देशमुख खाली वाकून चिमूटभर माती उचलत, बोटांत चोळत आणि तिचा वास घेत. मग धोतराचा सोगा खोचून, काठ्या वाहणाऱ्या गणपतला पीक सांगत. "जवारी" म्हटलं की गणपत आखूड काठी काढून द्यायचा. "पऱ्हाटी" म्हटलं की लांब काठी. बुलढाण्याच्या क्लबात नवा बदलून आलेला साहेब हे बघून पहिल्यांदा खदखदून हसायचा. नऊ भोकं खेळून होईपर्यंत त्याचं हसू ओसरलेलं असायचं, कारण तोवर आबासाहेबांनी त्याला हरवलेलं असायचं.

पऱ्हाटी म्हणजे कपाशी, हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगितलेलं बरं. ज्वारी पोटाला, कपाशी पैशाला. पिंपळगाव राजाला आबासाहेबांची मोठी शेती होती आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या कामासाठी बुलढाण्यात घर होतं. आधी घरचं धान्य पेरायचं आणि उरलेल्या वावरात कपाशीचा जुगार खेळायचा, हा त्यांचा बापजाद्यांचा नेम. तोच नेम त्यांनी उचलून साहेबांच्या खेळात आणून ठेवला होता. खात्रीचा फटका म्हणजे ज्वारी. नशिबाचा फटका म्हणजे पऱ्हाटी.

वऱ्हाडावर तेव्हा नागपूरहून हुकूम चालत. वरून बदलून येणारे साहेब घाटावरच्या थंड हवेत खूश असत आणि संध्याकाळी करमणूक म्हणून गोल्फ खेळत. मैदान म्हणजे मुरमाड माळ, मध्ये बाभळी, एका अंगाला नाला. हिरवळीचं नावही नव्हतं. वाळूत तेल घालून दाबलेल्या गोल जागा आणि त्यांच्या मधोमध भोक. आबासाहेब त्या भोकाला गोट्यांच्या खेळातला शब्द वापरून गल म्हणत. त्यांच्यामुळे पुढे आम्ही सगळेच गल म्हणू लागलो, इंजिनिअर साहेबसुद्धा.

मी तेव्हा नवा वकील होतो. नागपूरला कॉलेजात टेनिस खेळलेलो, त्यामुळे अंगात जोर आणि डोक्यात हवा. माझा फटका क्लबात सगळ्यांत लांब जायचा, पण बहुतेक वेळा बाभळीत. आबासाहेबांचा फटका म्हणजे दारातली गाय हाकलावी तशी काठी फिरवलेली, तरी त्यांचा चेंडू कायम मोकळ्या जमिनीवर. महिनाभर माझी फजिती बघून शेवटी त्यांनी मला शिष्य करून घेतलं. मी काही मागणी केली नव्हती.

"वकील, चांगला बसला त चेंडू कुठं जाईन, हे सारेच पायतात. वाईट बसला त कुठं जाईन, थे पाय," हा त्यांचा पहिला धडा. त्यांचं बघणं खरोखरच उलटं होतं. ते आधी गलीकडे बघत, मग तिथून मागे मागे येत. शेवटचा फटका कुठून सोपा जाईल, मग त्या जागी पोचायला त्याच्या आधीचा कुठून मारावा, असं करत करत स्वतःच्या पायापर्यंत. निशाण काठावर रोवलेलं असलं तर ते निशाणाकडे बघतही नसत, मधल्या रुंद जागेवर चेंडू टाकत. बाभळीत गेला तर मी फांद्यांतून फट शोधायचो. ते मुकाट्याने चेंडू आडवा बाहेर काढायला लावत. एक येडपट काम झालं त झालं, त्याले जोडीदार पाहू नोको, म्हणत. या एका वाक्याने माझे फटके जितके कमी झाले तितके कशानेच झाले नाहीत.

हा शहाणपणा मैदानापुरता राहिला असता तर ठीक होतं. पण आबासाहेब जेवणाच्या पंगतीतही आधी वरणभाताची ज्वारी पेरत आणि मगच जिलबीकडे वळत. मलकापूरला आगगाडी धरायची तर घाट उतरणाऱ्या शेवटच्या मोटारीवर त्यांनी कधी भरवसा ठेवला नाही. आधीच्या मोटारीने जाऊन फलाटावर डुलक्या काढत बसत. माझ्यासाठी दोन स्थळं सांगून आली, एक नागपूरचं बडं, एक खामगावचं साधं, तेव्हा मी त्यांना सहज विचारलं. बरे दिवस कोणाहीसोबत निघतात, वाईट दिवस कोणासोबत निघतील ते बघ, एवढंच म्हणाले. मी खामगावचं केलं. आजतागायत तक्रार नाही, निदान माझी तरी नाही.

असा हा माणूस सातव्या गलीवर मात्र ठार वेडा व्हायचा.

सातवी गल सगळ्यांत सोपी. डावीकडे बैलगाडी वळेल एवढी मोकळी जागा. तिकडे आखूड फटका मारावा, मग दुसरा गलीजवळ, काम झालं. उजवीकडे नाला आणि नाल्यापलीकडे घायपाताचं दाट कुंपण घातलेलं एका बंगलीचं आवार. तिकडे चेंडू गेला तर हद्दीबाहेर, म्हणजे दंडाचा फटका सोसून पुन्हा पहिल्यापासून मारा. आबासाहेब तिथे मातीला हातही लावत नसत. लांब काठी घ्यायचे, उजवीकडे तोंड करायचे आणि चेंडू सरळ त्या आवारात घालायचे. रोज.

म्हातारा सातवीवर चळतो, असं क्लबात ठरून गेलं होतं. मला चेष्टेत विचारायचे, तुझ्या गुरूचा शहाणपणा नाला ओलांडत नाही का? मला मात्र वेगळंच खटकायचं. इतर आठ गलींवर गाय हाकलणारा हा माणूस तिथे असा देखणा फटका मारायचा की साहेबांनी पाहत राहावं. वारा असो नसो, चेंडू कुंपण चुकला असं कधी झालं नाही.

मग ते स्वतः चेंडू आणायला जात. गणपतला जाऊ देत नसत. चेंडू मुंबईहून मागवावे लागत, झाडाले लागत नाहीत, असं म्हणत नाल्यात उतरत. लोक त्यांना चिक्कू समजत. एकदा मीही मदतीला म्हणून मागोमाग गेलो. आबासाहेब कुंपणाच्या अलीकडे हात मागे बांधून उभे होते आणि घायपाताशी बोलत होते.

"पडला काय इकडं?" ते म्हणाले.

"पडला. लोकायले म्हातारपनात पोरखेळ सुचते," घायपातापलीकडून खणखणीत उत्तर आलं. चेंडू काही आला नाही. थोड्या वेळाने पलीकडचा आवाज म्हणाला की पिंपळगावकडे पाणी नाही पडलं असं लोक म्हणतात. आबासाहेबांनी कुंपणाला कळवलं की पडलं, तूर बरी आहे, लाल गाय व्याली. पलीकडून विचारणा झाली की कोणाची तरी कंबर दुखत होती, तिचं काय? आबासाहेबांनी सांगितलं की कोणाची तरी कंबर आता बरी आहे. मग चेंडू कुंपणावरून उडत आला. आबासाहेबांनी तो झेलला आणि माझ्याकडे न बघता नाला चढायला लागले.

ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकत होतो, त्यांच्याकडून मला सगळा उलगडा झाला. पलीकडचे गृहस्थ म्हणजे आबासाहेबांचे सख्खे थोरले भाऊ, पेन्शनीत निघालेले तहसीलदार. बायको वारलेली, मुलं नागपूरला, घरात एक जुना गडी. पिंपळगावच्या दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक आंबा होता. तो कोणाच्या हद्दीत, यावरून भावाभावांत दावा लागला. थोरले जिंकले. आबासाहेबांनी अपील केलं नाही, पण निकालाच्या दिवशी कचेरीच्या आवारात, चार लोकांदेखत, तुझ्या घरच्या पाण्याला शिवणार नाही असं बोलून बसले. एवढा जपून चालणारा माणूस, पण त्या दिवशी पऱ्हाटी पेरून बसला. वऱ्हाडात असा शब्द गेला की गेला. सणाला, लग्नाला, कशाला म्हणून दोघांनी एकमेकांचा उंबरा ओलांडला नाही. बोलायचं नव्हतं म्हणून ते कुंपणाशी बोलत, आणि कुंपणापर्यंत जायला काही कारण पाहिजे म्हणून रोज एक चेंडू हद्दीबाहेर जाई.

मी हे क्लबात कोणाला सांगितलं नाही. एका उन्हाळ्यात चेंडूच्या मागोमाग कुंपणावरून एक पाडाचा आंबा आला. कुठल्या झाडाचा ते सांगायला नकोच. आबासाहेबांनी तो कोटाच्या खिशात घातला. आठवी आणि नववी गल आम्ही त्या वासातच खेळलो.

त्या हिवाळ्यात क्लबाच्या कपासाठी जोड्यांचे सामने झाले. दोघांचे मिळून फटके मोजायचे, ज्या जोडीचे कमी तिचा कप. त्या कपावर तोवर नुसती साहेबांची नावं होती, आणि आपलं नाव तिथे कोरलेलं बघावं अशी मला दांडगी हाव सुटली होती. आम्ही दोघं शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. समोर इंजिनिअर साहेब आणि सिव्हिल सर्जन, हे मद्रासकडचे सज्जन गृहस्थ. सामन्याच्या सकाळी मी आबासाहेबांच्या घरी जाऊन सातवीचा विषय काढला. एक दिवस, फक्त आजचा, असं विनवलं. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि आज सातवीवर ज्वारी, असा शब्द दिला.

सहाव्या गलीपर्यंत आम्ही पुढे होतो. सातवीकडे चालताना सिव्हिल सर्जननी आपल्या हिंदीत सहज विषय काढला. पलीकडच्या बंगलीतले म्हातारे तहसीलदार फार आजारी आहेत, आठवडाभर अंथरुणावर आहेत. औषध घेतात, पण तापात बरळतात. खाट कुंपणाकडच्या खिडकीशी लावून घेतलीय आणि संध्याकाळ झाली की गड्याला सारखं विचारतात, चेंडू आला का?

शेवटच्या सामन्याची तयारी म्हणून तो आठवडाभर आम्ही सातवी खेळलोच नव्हतो. पहिल्या चार गलीच पुन्हा पुन्हा खेळत होतो. ती अक्कल माझी होती.

सातवीवर आबासाहेबांनी वाकून चिमूटभर माती उचलली. तिचा वास घेतला नाही. ती तशीच बोटांतून गळून गेली. गणपत आखूड काठी पुढे करून उभा होता. त्यांनी ती बाजूला सारली आणि लांब काठी स्वतःच ओढून काढली.

"आबासाहेब, ज्वारी ठरली होती," मी म्हणालो.

"ठरली होती, वकील," ते म्हणाले, आणि उजवीकडे तोंड केलं.

चेंडू नाल्यावरून गेला आणि कुंपणापलीकडे पडला. आबासाहेब मैदानाच्या कडेशी जाऊन उभे राहिले. आम्ही सगळेच उभे राहिलो. पलीकडून आवाज आला नाही आणि चेंडूही आला नाही. मग त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि नाल्यात उतरले. पण या वेळी ते कुंपणाशी थांबले नाहीत. वळसा घालून फाटकाकडे गेले.

इंजिनिअर साहेबांनी दगडावर बसून पाइप पेटवला. पाइप संपला तरी आबासाहेबांचा पत्ता नाही, तेव्हा मी बोलवायला गेलो. फाटक उघडं होतं. खिडकीतून खाट दिसत होती. थोरल्यांचा आवाज पार खोल गेला होता, पण ऐकू येत होता.

"चेंडू घ्याले आला काय?"

"हाव."

"मंग घे न जाय."

"पानी पाज पहिले, दादा."



"तू त शपथ घेतलती बे," थोरले म्हणाले.

"चार लोकांत घेतलती. इथं कोन हाय?"

थोरले कोपरावर रेटा देऊन उठले. गडी पुढे झाला, त्याला त्यांनी हाताने मागे सारलं. उशाशी माठ होता. त्यांनी स्वतः तांब्या बुडवला, निम्मं पाणी अंथरुणावर सांडलं. आबासाहेबांनी मदतीला हात लावला नाही. ओंजळ करून खाटेशी वाकून उभे राहिले आणि थोरल्यांनी ओतलेलं पाणी प्याले. ओंजळीतून कोटाच्या बाह्यांवर ओघळ येत होते. तांब्या रिकामा झाला तरी ओंजळ तशीच धरून होते. मी आहे तिथूनच मागे फिरलो.

आम्ही सामना सोडला असं मी परत येऊन सांगितलं. सिव्हिल सर्जनना वाटलं, चेंडू सापडला नाही.

थोरले त्यानंतर वर्षही जगले नाहीत. पण जितके दिवस होते तितके दिवस आबासाहेब गोल्फला फिरकले नाहीत, संध्याकाळी फाटकातून सरळ आत जात. पोळ्याच्या सुमाराला थोरले गेले. दिवसपाणी उरकल्यावर आबासाहेब पुन्हा क्लबात यायला लागले. सातवीवर आले की माती उचलत, वास घेत आणि म्हणत, "जवारी." आखूड काठी, डावीकडे, मोकळ्या जागेत. त्यांचे फटके एकदम कमी झाले. त्या हिवाळ्यात कप आम्ही सहज जिंकला. बक्षीस देताना इंजिनिअर साहेब म्हणाले की मिस्टर देशमुखांचा खेळ या वर्षी फारच सुधारला, सातवीचं कोडं त्यांना अखेर सुटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबासाहेबांनी नमस्कार केला आणि कप माझ्या घरी पाठवून दिला.

अजूनही आम्ही खेळतो. सातवीवर फटका मारून झाला की बाकीचे पुढे निघतात. आबासाहेब मात्र काठी टेकून कुंपणाकडे बघत थोडा वेळ उभे राहतात, आणि मीही त्यांच्याजवळ थांबतो. चेंडू डावीकडे पडलेला असतो.