बरणीवरचा झेंडा

मंगळवारी सकाळी साडेसातला लायल प्रूइट फ्रिजचं दार उघडून उभा होता आणि त्याला कशाचाच राग येत नव्हता. नऊ वाजता त्याचा रेडिओवरचा कार्यक्रम सुरू व्हायचा आणि त्यात त्याला तीन तास संतापायचं असायचं. पण वॉशिंग्टनमध्ये सगळे सुट्टीवर गेलेले. डाव्यांनी चार दिवसांत एक धड मूर्खपणा केला नव्हता. शाळेच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांवर मागच्या आठवड्यात संतापून झालं होतं आणि विजेवरच्या गाड्यांवर त्याच्या आधीच्या.

"दार लाव. दूध नासेल," त्याची बायको रोंडा म्हणाली.

"रोंडा, या आठवड्यात फोन खणखणले नाहीत ना, तर मी मेलो. ब्रेंट रोज ऐकतोय."

"ऐकू दे की. तुला ऐकायला माणूस हवाच होता."

ब्रेंट कॅलोवे हा नॅशव्हिलच्या एका मोठ्या रेडिओ कंपनीचा माणूस. लायलचा कार्यक्रम साठ स्टेशनांवर घ्यायचा की नाही, ते तो शनिवारी ठरवणार होता. आमच्या डॉबिन्सव्हिलला एकच स्टेशन. नदी ओलांडली की लायलचा देशाभिमान खरखरायला लागतो आणि डोंगर चढला की त्या जागी कुणीतरी बँजो वाजवत असतं. अठरा वर्षं लायल त्या साठ स्टेशनांकडे डोळे लावून बसला होता. देश वाचवायचा तर तो एका तालुक्यात वाचवून भागत नाही, असं तो म्हणे.

तेवढ्यात त्याला लोणच्याची बरणी दिसली. ग्रॅनी ओझेलाचं काकडीचं लोणचं, आमच्याच जिल्ह्यातलं. लेबलवर एका हातात काकडी आणि दुसऱ्या हातात अमेरिकेचा झेंडा घेतलेली आजी. पण या बरणीवरच्या आजीच्या हातात नुसतीच काकडी होती. दुसरा हात तिनं उगाच वर केला होता.

"झेंडा कुठाय?"

"नवं लेबल केलं असेल."

"केलं नाही, रोंडा. कुणीतरी करायला लावलंय." त्याच्या गालांवर रंग चढायला लागला. बावीस वर्षांच्या संसारात रोंडा हा रंग ओळखायला शिकली होती.

"अरे, निदान लोणचं तरी ठेव. मला अंड्यात घालायचंय!"

पण तो बरणी काखेत मारून निघालासुद्धा.

कंपनीचा फोन नंबर त्याच बरणीवर छापलेला होता. एक फोन केला असता तर कारण कळलं असतं. पण कारण कळलं की कार्यक्रम संपतो, एवढं लायलला अठरा वर्षांच्या अनुभवानं पक्कं ठाऊक होतं. त्यानं फोन केला नाही.

"मित्रांनो," नऊ वाजून दोन मिनिटांनी तो गरजला, "आज लोणच्याच्या बरणीवरून झेंडा गेला. उद्या कोर्टावरून जाईल. परवा तुमच्या पोराच्या शवपेटीवरून जाईल! माझे सासरे होबर्ट सिस्क, मरीन सार्जंट, व्हिएतनाममध्ये डाव्या हाताची दोन बोटं ठेवून आले. ती काय या दिवसासाठी?"

सासऱ्यांची ही दोन बोटं लायलनं रेडिओवर इतकी वापरली होती, की उरलेल्या आठांनी जन्मात तेवढं काम केलं नसेल.

फोन खणखणले. इतके, की मधल्या जाहिराती मागे पडल्या. सोन्याची नाणी, संकटकाळी खायचं सुकं जेवण, सगळं लायलनं एका दमात उरकलं आणि पुन्हा लोणच्यावर आला. नदीपलीकडचा डेल्बर्ट म्हणाला, "लायल, मी आत्ता सहा बरण्या फोडल्या. अंगणातच!"

"शाब्बास, डेल्बर्ट! सहा?"

"घरात नव्हत्या रे. आम्ही लोणचं खातच नाही. मुद्दाम जाऊन घेऊन आलो."

"याला म्हणतात त्याग!" लायल म्हणाला.

बुधवारी दुपारपर्यंत तालुक्यातल्या एकाही दुकानात ग्रॅनी ओझेलाची बरणी शिल्लक नव्हती. बहिष्कार एवढा कडक झाला, की कंपनीला कामगारांची दुसरी पाळी सुरू करावी लागली. लोक बरण्या फोडतानाच्या चित्रफिती लायलला पाठवत होते आणि एक बाई चित्रफितीत बरणी फोडून झाल्यावर घाईघाईनं काकड्या वाडग्यात वेचताना स्पष्ट दिसत होती.

त्याच संध्याकाळी ब्रेंटचा फोन आला.

"लायल, लेका, कमाल केलीस! ऐक. शनिवारी मैदानात सभा घे. मोबाइलवर थेट दाखव. आणि ते तुझे सासरे आहेत ना, बोटंवाले? त्यांना गणवेशात तुझ्या शेजारी उभं कर. मी कागद घेऊनच येतो. तिथंच सही करू."

"सासरे ना? हो, हो. ते तर एका पायावर येतील," लायल म्हणाला आणि फोन ठेवल्यावर त्याला घाम फुटला.

कारण होबर्ट सिस्क यांनी जावयाचा कार्यक्रम जन्मात ऐकला नव्हता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा गडी कट्टर उजवा. कर नको, सरकार नको, रविवारची प्रार्थना चुकवायची नाही. पण आरडाओरडा करणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. लग्नाला बावीस वर्षं होऊन गेली तरी लायल त्यांना 'मिस्टर सिस्क' म्हणे आणि तेही त्याला कधी नको म्हणाले नव्हते.

गुरुवारी तो आणि रोंडा त्यांच्याकडे गेले. म्हातारा ओसरीत बसून बूट घासत होता. लायलनं झेंड्याची सगळी हकीकत जरा रेडिओच्याच आवाजात सांगितली.

"हो, माहितीय मला," होबर्ट म्हणाले. "मीच काढायला लावला."

"काय?"

"पत्र लिहिलं होतं त्यांना. फेब्रुवारीत." ते उठून आत गेले आणि पत्राची प्रत घेऊन आले. "वाच. झेंडा जाहिरातीला वापरायचा नाही. कायद्यात लिहिलंय. लोक लोणचं खातात आणि बरणी कचऱ्यात टाकतात. वर काय असतं? झेंडा. मी तो कचऱ्यात पडलेला बघायचा? कंपनीवाली बाई मोठी सज्जन. म्हणाली, चुकलंच आमचं, लगेच काढतो."

रोंडा एकदम खोकत खोकत अंगणात गेली. तिला खोकला वगैरे काही नव्हता.

"मिस्टर सिस्क," लायलच्या तोंडचं पाणी पळालं होतं, "हे तुम्ही अजून कुणाला बोललात?"

"कुणी विचारलं नाही."

"मग शनिवारीही बोलू नका. म्हणजे तुम्ही नुसते उभे राहा. गणवेशात. बोलायचं काम माझं."

"झेंड्यासाठी सभा आहे?"

"झेंड्यासाठीच!"

"मग येईन. पण कुणी विचारलं तर खरं सांगेन. गणवेश घालून मी खोटं बोलत नाही."

परतीच्या वाटेवर लायल घोकत होता, "कुणी विचारायचं नाही. कुणी त्यांना काहीही विचारायचं नाही."

"डॅडींना तू पुतळ्यासारखं उभं करणार?" रोंडानं विचारलं.

"साठ स्टेशनं आहेत, रोंडा. साठ!"

शनिवारी मैदानात चारेकशे माणूस जमला. झेंड्यावरच्या प्रेमाला नुसतं भरतं आलं होतं. लोकांनी झेंड्याच्या चड्ड्या घातल्या होत्या, झेंड्याच्या टोप्या आणि झेंड्याच्या चपला घातल्या होत्या. एका कुत्र्याला झेंड्याचं झबलं होतं. भाजलेलं डुकराचं मांस झेंड्याच्या कागदी ताटल्यांत वाढलं जात होतं आणि लोक झेंड्याच्याच कागदी रुमालांना तोंडं पुसत होते. प्रत्येक गाडीच्या मागे दांड्याला एक खराखुरा झेंडा, महामार्गावरच्या वाऱ्यानं चिंध्या झालेला. व्यासपीठावरच्या टेबलावर टेबलक्लॉथ म्हणून एक भला मोठा झेंडा पसरला होता आणि त्यावर सॉसची बाटली आडवी झाली होती.

ब्रेंटचा पत्ता नव्हता. "डोंगरात अडकलोय, रस्ता खणलाय," त्याचा निरोप आला. "इथून पुढं मोबाइलला रेंज नाही. अर्ध्या तासात पोचतो. तू सुरू कर!"

लायलनं सुरू केलं. रोंडाच्या बहिणीचा मोबाइल तिकाटण्यावर लावला होता आणि त्यातून सभा जगभर दिसत होती. शेजारी होबर्ट ताठ उभे होते. गणवेश जुना, पण सुरकुती नाही. लायल वीस मिनिटं बोलला.  म्हातारा नुसता या टोकापासून त्या टोकापर्यंत गर्दी न्याहाळत होता आणि त्याचा जबडा आवळत चालला होता.

आणि पुढच्या रांगेतल्या, झेंड्याच्या घडीच्या खुर्चीत ऐसपैस बसलेल्या बाईनं हात वर केला. "सार्जंटसाहेब, ज्या नालायकानं बरणीवरचा झेंडा काढला, त्याला तुम्ही काय सांगाल?"

"त्याला काय सांगायचं?" होबर्ट म्हणाले. "तो मीच."

 झबल्यातलं कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबलं.

"बाई, तुम्ही कशावर बसलाय?" त्यांनी विचारलं.

बाईनं खाली पाहिलं आणि विस्तवावर बसल्यासारखी उठली. मग होबर्टनी आवाज न चढवता एकेकाला विचारायला सुरुवात केली. तोंड कशानं पुसलंत? ताटली कुठं टाकलीत? गाडीमागे फडकतंय त्याला तुम्ही काय म्हणता? मी फडकं म्हणेन.  डेल्बर्टनं हळूच टोपी काढून पाठीमागे धरली.

लायलचा चेहरा आधी पांढरा पडला. पण अठरा वर्षं काही वाया गेली नव्हती. सव्वा मिनिटात त्यानं अशी कोलांटी मारली, की सर्कशीतल्या माणसानं शिकवणी लावावी.

"मित्रांनो!" तो ओरडला. "हेच! हेच मी आठवडाभर सांगतोय! झेंडा ही विकायची वस्तू नाही! कोण विकतं झेंडा? कंपन्या! आणि कंपन्यांच्या मागे कोण? डावे!"

गर्दीला हायसं वाटलं. टाळ्या पडल्या. मंगळवारी झेंडा काढला म्हणून चिडलेले लोक शनिवारी तो मुळात लावलाच कसा म्हणून चिडले आणि मधे कुणाचं पाऊलसुद्धा अडखळलं नाही.

"पण आता या फाटक्या झेंड्यांचं करायचं काय?" डेल्बर्टनं विचारलं. "कचऱ्यात टाकू?"

"खबरदार," होबर्ट म्हणाले. "फाटलेल्या झेंड्याला निरोप द्यायची एकच रीत आहे. नीट घडी घालायची, टोप्या काढायच्या आणि अग्नी द्यायचा. माजी सैनिक मंडळाचं ते काम मीच बघतो. त्यासाठीचं लोखंडी पिंप माझ्या गाडीत आहे." मग ते जावयाकडे वळले. "लोकांना तू बोलावलंस. अग्नी तूच दे."

लायलनं क्षणभर विचार केला. गंभीर विधी, गणवेशातला सासरा, समोर कॅमेरा. ब्रेंटला याहून चांगलं काय हवं?

"हा माझा सन्मान आहे," तो म्हणाला.

पिंप उतरवलं. गाड्यांमागून एकेक झेंडा काढून लोक रांगेत आले. होबर्टनी विस्तव पेटवला आणि सगळ्यांना बजावलं, "आता कुणी एक शब्द बोलायचा नाही." चारशे माणूस टोप्या काढून गप्प उभा राहिला. लायल एकेक घडी दोन्ही हातांनी उचलून ज्वाळेत ठेवू लागला. धूर डोळ्यांत जात होता. खरं सांगायचं तर आमच्या गावानं इतका चांगला लायल कधी पाहिला नव्हता.

नेमका त्याच वेळी ब्रेंट कॅलोवे डोंगर उतरला आणि त्याच्या मोबाइलला रेंज आली. पडद्यावर अक्षरं होती: 'झेंड्यासाठी उभे राहा. लायल प्रूइट, थेट प्रक्षेपण'. खाली लायल, पुढ्यात जाळ आणि हातात अमेरिकेचा झेंडा. तो त्यानं जाळात घातला. दुसरा उचलला. तोही घातला. आवाज अजिबात नाही. तिसरा.

सतरावा झेंडा हातात असताना लायलच्या खिशातला फोन पुन्हा पुन्हा थरथरायला लागला. त्यानं विधी पुरा केला आणि मगच उचलला.

"लायल, तू झेंडे जाळतोयस!"

"अरे, ती रीत आहे! कायद्यात लिहिलंय! तू वाच—"

"माझे श्रोते वाचत नाहीत, लायल. वाचत असते तर तुझा कार्यक्रम ऐकायला आले असते का? एकोणीस सेकंदांची फीत आहे, आणि ती आत्ताच मला चौघांनी पाठवली. मी पेट्रोल पंपावरून परत फिरतोय."

"ब्रेंट, तू इथं ये तरी! लोकांना विचार!"

पण पलीकडे कुणी नव्हतं.

संध्याकाळपर्यंत शेजारच्या जिल्ह्यातल्या बक हॅगार्डनं, जो हाच धंदा करतो, लायलवर बहिष्कार पुकारला. "झेंडा जाळणारा जावई!" तो गरजत होता. बकलाही फोन करून कारण विचारता आलं असतं. लायलचा नंबर त्याच्याकडे वीस वर्षांपासून होता. सभेला आलेल्या चारशे जणांनी खरं काय ते सांगावं, तर निम्म्यांना तोवर आपण तिथं गेल्याचंच आठवत नव्हतं. डेल्बर्टनं तर बकला फोन करून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष दिली. सोमवारी सकाळी नऊ वाजता आमच्या स्टेशनवर लायलऐवजी गाईगुरांचे बाजारभाव लागले. काही लोकांना ते जास्त आवडले.

मंगळवारी लायल सासऱ्यांच्या ओसरीत पायरीवर बसला होता. तीन दिवसांत त्याचा आवाज बसला होता, कारण भेटेल त्याला तो कायदा समजावत होता.

"मिस्टर सिस्क, तुम्ही तरी सांगा लोकांना. गणवेशात उभे होतात तुम्ही."

"कुणी विचारलं तर सांगेन," होबर्ट म्हणाले. मग त्यांनी खुर्ची जावयाकडे वळवली. "काम नीट केलंस तू. एकतीस झेंडे. धूर डोळ्यांत जात होता, पण एक घडी सुटू दिली नाहीस."

लायलनं मान वर केली. बावीस वर्षांत म्हाताऱ्याच्या तोंडून त्याच्याबद्दल निघालेलं हे पहिलं बरं वाक्य होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण सवय जाते थोडीच.

"हेच जरा माझ्या कार्यक्रमात बोलाल?"

"कुठल्या कार्यक्रमात?"

 होबर्ट सावकाश उठले, त्यांनी जाळीचं दार उघडलं आणि आत जाता जाता थांबले.

"मंडळात फाटक्या झेंड्यांची अजून दोन खोकी पडलीत. शनिवारी सकाळी सातला ये. आणि तिथं कुणी बोलत नाही, तेवढं लक्षात ठेव."