हौसाआत्याची डोली

चौसष्ट सालच्या चैत्रात टोकावड्याच्या कुंडलिकला शनिवारच्या आत वीस गृहभेटी वहीत भरून हव्या होत्या, नाहीतर समाजकार्याच्या पदवीचं अखेरचं वर्ष वाया जाणार होतं. कॉलेजानं तशी मेहेरबानीच केली होती. आत्याला सांभाळायला घरी राहा म्हणाले, फक्त गावातल्या लोकांच्या अडचणी लिहून आणा.

हौसाआत्यानं त्याला आईमागं वाढवलं होतं. आता मांडीचं हाड मोडून ती तीन वर्षं बाजेवर होती. कुंडलिक उंबऱ्याबाहेर पडला की हाक यायची, "कुंडल्या, पानी." तो धावत आला की म्हणायची, "ऱ्हाऊ दे. तू हायस का ते बघत व्हते." चोरून दोन-तीन घरं गाठली, तर वही दिसताच लोक म्हणाले, "आमचं समदं बरं हाय." बऱ्या घराला कॉलेजात मार्क नव्हते.

बुधवारी दुपारी त्यानं बांबूला घोंगडी बांधून डोली केली, शेजारच्या दामू आणि नथूचे खांदे मागून घेतले आणि आत्यालाच बरोबर नेलं. वाऱ्यावर मोहाच्या फुलांचा गोड, जड वास होता. आत्या झुलत झुलत वर बघत होती.

"आभाळ केवढं मोठं झालंय रे," ती म्हणाली. तीन वर्षांत आपण हिला अंगणातसुद्धा आणलं नाही, या विचारानं कुंडलिकला फार वाईट वाटलं.

पण एक गोष्ट या शिकलेल्या माणसाच्या ध्यानात आली नाही. इथं डोली निघते ती मुरबाडच्या दवाखान्याला, आणि डोलीतून गेलेलं माणूस क्वचितच परत येतं. पहिल्याच दारात बाईजानं हंबरडा फोडला.

"हौसाबाय, जातीस गो? पुराच्या साली तुझी कोंबडी आमीच खाल्ली. माफ कर."

कुंडलिक खुलासा करायला पुढं झाला. आत्यानं त्याचा हात दाबला आणि आवाज बारीक केला. "कोंबडीचं जाऊ दे. तुझं कसं चाललंय ते सांग."

निघालेल्या माणसाशी कोण खोटं बोलणार? पोरीला शाळेतून काढलं, नवरा वीटभट्टीवर गेला तो आलाच नाही, हे बाईजानं सांगून टाकलं. पुढच्या घरातल्या रखमीला संध्याकाळनंतर दिसत नव्हतं. खुद्द नथूनं खांद्यावरची डोली न उतरवता आपली ताडी कबूल केली. कुंडलिकला पेन्सिलीला टोक काढायला उसंत नव्हती. आत्या सगळ्यांना धीर देत होती आणि मधूनच डोळे मिटून स्वप्नात असल्यासारखी हसत होती. ऊन उतरेपर्यंत वीस घरं झाली.

मग डोली मुरबाडच्या सडकेला न लागता घराकडं वळली. गाव बघत राहिलं.

"आता जरा बरं वाटतंय," आत्या म्हणाली. गावाला रागवायचीही सोय नव्हती. कोंबड्या कबूल करून झाल्या होत्या.

महिन्याभरानं वही तपासून आली. आत लाल शाईत शेरा होता, 'उत्कृष्ट. लोकांचा इतका विश्वास क्वचितच मिळतो. पदवीसाठी याच वीस घरांना पुन्हा भेटी देणे आवश्यक.' कुंडलिक कपाळाला हात लावून बसला.

आत्यानं शेरा दोनदा वाचून घेतला.

"त्यात काय येवढं? मी परत मरन," ती म्हणाली. मग दारातून बाहेर बघत म्हणाली, "फकस्त या टायमाला नदीच्या वाटंनं ने रे. मागल्या खेपेला मरायच्या गडबडीत नीट बघायचंच ऱ्हायलं."