चिटणिसांचे हातयंत्राचा दरवान पालटला त्याची हकीकत

श्री. ज्याने आधी दार केले आणि मग घर बांधिले, त्या विघ्नहर्त्यास नमस्कार. साहेबीं पुसिले की, तिमाजीपंत चिटणिसांचे हातयंत्रातील दरवान कैसा पालटला, आणि त्या समयी खासे महाराज दोन सुया धरून बसले हे खरे की लोकांची जीभ. त्यास जे डोळ्यांनी पाहिले ते लिहिले आहे, आणि जे ऐकिले त्यातील गोड तेवढे ठेविले आहे. शके १९२७ पार्थिवनाम संवत्सरे, माघमासी हे प्रकरण सुरू जाहले. राज्य थोर, राजा नेक, आणि तिमाजीपंत वय वर्षे सत्तर, हुजूरचे चिटणीस. दरबारी आलेले प्रत्येक पत्र वाचून दाखवावे आणि उत्तर लिहावे हे त्यांचे काम. आठ वर्षांमागे महाराजांनी पंतांस एक विलायती हातयंत्र बक्षीस दिले होते, पानाचे डब्याएवढे, डब्यासारखेच उघडणारे, वरते झाकणात काच आणि खालते कळा. सारी पत्रे तारेने त्यातच येत आणि त्यातूनच जात. परंतु त्यातील अक्षर खसखशीएवढे, वाढवू म्हटले तर वाढेना, आणि पंतांची दृष्टी दिवसेंदिवस मंदावली. पौषाचे दरबारी पंतांनी यंत्र उलटे धरिले आणि परमुलखीचे वकिलासमोर पत्र खडखडीत वाचून दाखविले. मजकूर सारा मनचा, आणि मुळाहून सरस, इतका की वकील खूश होऊन दोन वेळा लवला. मग महाराजांचे ध्यानात सर्व आले आणि त्यांस बहुत वाईट वाटले. तोंडावर बोलवेना, सबब हुकूम लिहून पंतांचे यंत्रावरच धाडिला की, तुमचे डोळ्यांस दिसत नाही, सबब लेखणी ठेवावी आणि घरी स्वस्थ असावे. ज्यास दिसत नाही त्यास लिहून कळवावे ही मसलत कोणाची, हे पुसू नये. पंतांस हुकूम दिसला नाही. दुसरे दिवशी नेमल्या वेळी पागोटे बांधून पंत हजर, आणि महाराज खाली मान घालून बसले. तिसरे दिवशीही तैसेच. आठवे दिवशी पंत आपण होऊनच बोलले की, "महाराज, अक्षर दिसत नाही हे लपवून काय उपयोग? पाडव्याचे दरबारास मी पत्रे वाचीन. न वाचली तर लेखणी पायाशी ठेवीन, कोणी सांगावे लागणार नाही." आणि घरी जाऊन कुटुंबास म्हणाले की, "लेखणी गेली तर सकाळी उठून जावे कोठे?" हे बोलताना पंतांचे डोळे भरले, आणि लिहिणाराचेही भरतात.

महाराज म्हणाले की, नवे यंत्र घ्यावे, मोठे अक्षराचे. पंतांनी नवी यंत्रे हाती घेऊन पाहिली, तो सगळी नुसती काच, कळा नाहीत, बोट फिरविले तर आरशावर फिरविल्यासारखे. जुन्या यंत्राच्या कळा बोटांस पाठ. डोळे नसले तरी बोटे वाचीत होती. मग घाटावरची चिमाबाई कारागीर बोलावून आणिली. बाई वयाने तिशीची, बोलण्याने फटकळ, हाताने सोन्याची. तिने यंत्र उघडून पाहिले आणि म्हणाली, "काका, यंत्र नामी हाय. पर ह्याच्या दारात कारखान्यानं एक दरवान बशिवलाय, त्याला बूटलोडर म्हंत्यात. सकाळी सगळ्यांच्या आधी ह्यो उठतो, आन आपल्या जुन्या धन्याबिगर कुणाला आत घेत न्हाई. लिनक्स म्हंजी यंत्राचा नवा कारभार, त्यो आत आला तर अक्षर लिंबाएवढं करून देते मी. पर ह्या दरवानाला काढल्याबिगर गत न्हाई." पंत म्हणाले, "त्यास समजावून पाहावे, वस्त्रे द्यावी." चिमाबाई म्हणाली, "त्यो लाच खात न्हाई काका, तेवढाच त्याचा दोष." मग तिने मनसुबा सांगितला तो ऐसा की, यंत्राचे पोटात चार तांब्याचे ठिपके आहेत, मोहरीएवढे. तीच चोरदिंडी. त्या चार ठिपक्यांवर चार सुया टेकाव्या, सुयांच्या तारा तिचे मोठे यंत्रास जोडाव्या, आणि तिकडून जुना दरवान पुसून नवा बसवावा. डाग देऊन तारा जडवाव्या तर ठिपके जुने, तापाने उखडतील, सबब सुया हातानेच धरणे. काम अर्ध्या घटकेचे, परंतु त्यात एकही सुई हालली तर जुना गेला आणि नवा आला नाही, दार ओस, यंत्राची वीट जाहली.

जोशांनी मुहूर्त काढिला, फाल्गुन शुद्ध तृतीया, तिसरा प्रहर. चार सुयांस चार मातबर नेमिले, सरनोबत, फडणीस, जोशी आणि मुदपाकखान्याचा दरोगा. चौघेही हाताचे स्थिर, दरोग्याने तर उकळत्या तेलावर हात धरून दाखविला. चिमाबाईने एकेकाची सुई ठिपक्यावर टेकवून दिली आणि काम चालू केले. तिचे यंत्रावर आकडा चढू लागला, दहा, वीस, चाळीस. चौघे श्वास कोंडून बसले. आकडा सत्तरीस आला, आणि महाराजांस राहवेना, म्हणोन कैसे काय चालले हे पाहावयास खासा स्वारी आली, आणि भालदाराने नेमाप्रमाणे ललकारी दिली, आणि चौघे मातबर नेमाप्रमाणे ताडकन उठले आणि त्यांनी तीन तीन मुजरे केले, सुयांसह. मग चिमाबाईने जे शब्द उच्चारिले ते बखरीत लिहिण्याजोगे नाहीत, परंतु महाराजांनी ते सर्व ऐकिले आणि मान खाली घातली. यंत्राची कळ दाबिली तो काच काळी.  पंतांनी डबा हाती घेतला, झाकण मिटिले, उघडिले, पुन्हा मिटिले, आणि भिंतीशी जाऊन बसले.

महाराज म्हणाले, "बाई, उपाय सांग." चिमाबाई म्हणाली, "चोरदिंडी अजून उघडी हाय. पर ठिपक्यावरचं तांबं खरवडलंय, आजून एकदाच सोसंल, दोनदा न्हाई." महाराजांनी तेथेच हुकूम केला की, या दालनात कोणी मुजरा करू नये. हुकूम ऐकताच चौघांनी मुजरा केला. चिमाबाईने कपाळावर हात मारिला आणि म्हणाली, "जित्याची खोड! ह्यांची कंबर ह्यांच्या हातात न्हाई. ह्या राज्यात मुजरा न करणारा मानूस हाय का कुनी?" सर्वांची नजर हळूहळू एकीकडेच वळली. महाराजांनी मंदील उतरून ठेविला, अंगरख्याच्या बाह्या सारिल्या आणि म्हणाले, "दोन सुया मजकडे दे." उरल्या दोन कोणी धराव्या ऐसा विचार पडला, तो भिंतीपासून पंत बोलले की, "दोन मजकडे. महाराज समोर आहेत की नाहीत हेच मला दिसत नाही, मी उठेन कशास? आणि पन्नास वर्षे हात ओळीवर टेकला आहे, तो हालणार नाही." मग दारास पहारा ठेविला, भालदाराचे तोंडात पेढा कोंबिला, आणि राजा आणि चिटणीस कपाळास कपाळ लावून जमिनीवर बसले.

आकडा चढू लागला. तिशीस महाराजांचे नाकास खाज सुटली, आणि ते नाक खाजविण्याचा अधिकार राज्यात कोणास नाही, चिमाबाईने पदराचे टोकाने खाजविले आणि म्हणाली, "हं, गप बसा आता." पन्नाशीस महाराजांचे मनात दुसरेच आले. यंत्र जागे जाहले तर आतला तो हुकूम पंत वाचतील, आणि ज्याचे कपाळ आपल्या कपाळास टेकले आहे त्यास आपण पाठीमागून लिहून कामावरून काढिले हे त्यास कळेल. सुई किंचित निसटली तर हुकूमही गडप आणि लाजही गडप. कोणास काय समजणार? महाराजांचा उजवा हात कापू लागला. पंतांस ते दिसले नाही, परंतु कपाळातून कळले, आणि ते हळूच म्हणाले, "महाराज, हात भरून आला असेल. माझे गुडघ्यावर कोपर टेकवा." महाराजांनी कोपर टेकविले आणि मग तो हात कापला नाही. आकडा नव्वदीस गेला, आणि दारावरचा पहारा बाजूस जाहला, कारण मातोश्रीसाहेब आल्या, आणि त्यांस अडविणारा पहारा कोठे निर्माण जाहला नाही. महाराज कोणास मुजरा करीत नाहीत, परंतु मातोश्री आल्या की उठून पाया पडतात, हा बाळपणापासूनचा नेम. महाराजांचे गुडघे उचलले. तो पंतांनी ओरडून सांगितले, "बसा!" पन्नास वर्षांत चिटणिसाने धन्यास आज्ञा केली ती एवढीच. आणि मातोश्री दारातूनच म्हणाल्या, "अरे, तो सांगतो तर बैस ना! पाया मी कोठे पळवून नेत नाही." महाराज बसले. नव्याण्णव, आणि शंभर. चिमाबाईने कळ दाबिली आणि काचेवर प्रथम एक पाखरू उभे राहिले, पाठ काळी, पोट पांढरे, चोच पिवळी, अंगाने गुबगुबीत. तेच लिनक्साचे निशाण. सरनोबत म्हणाले, "हे बदक आहे." चिमाबाई म्हणाली, "असंना का, आत तर आलं!" आणि दालनात सर्वांनी मिळून ऐसा मुजरा केला की दरोग्याचे पागोटे पडले.

मग पाडवा आला आणि दरबार भरला. पंतांनी डबा उघडिला, अक्षर लिंबाएवढे, एका वेळी काचेवर चार शब्द मावत, आणि बाकी राहिलेली पत्रे जुन्यापासून क्रमाने वाचू लागले, कारण क्रम सोडून पत्र वाचणे हे त्यांस पाप. तिसरेच पत्र महाराजांचे मोहोरेचे निघाले. महाराजांनी डोळे मिटिले. पंत मोठ्याने, सावकाश, एकही काना न गाळिता वाचू लागले, "तिमाजीपंत चिटणीस यांसी आज्ञा की, तुमचे डोळ्यांस दिसत नाही, सबब लेखणी ठेवावी आणि घरी स्वस्थ असावे." शेवटली तारीख आणि मोहोरही वाचिली.   मग पंत घसा साफ करून म्हणाले, "महाराज, हुकूम वाचला. कारण लागू पडत नाही. सबब दफ्तरी दाखल करितो." आणि कळ दाबून पुढील पत्र काढिले. तेव्हा महाराज गादीवरून उतरले, चार पावले पुढे आले, आणि ज्याने उभ्या जन्मी कोणास मुजरा केला नाही त्याने कमरेत लवून चिटणिसांस तीन मुजरे केले. सर्व दरबाराने ते पाहिले. पंतांस दिसले नाही. पंत पुढील पत्र वाचीत होते.

तात्पर्य, दरवान पालटला, यंत्र वाचले आणि पंत अद्याप कामावर आहेत. चिमाबाईस गाव इनाम देऊ केले ते तिने न घेता चांगल्या सुयांची एक पेटी मागितली. त्या तीन मुजऱ्यांविषयी पंतांस आजवर कोणी सांगितले नाही. हे पत्र मात्र त्यांचेच यंत्रावरून रवाना होते, तेव्हा आज वाचतीलच.